व्होल्टेज पडलं की रॉडचा करंट वाढतो का घटतो?

माळावरची
आम्ही सांगोला तालुक्यात डाळिंबाच्या मळ्यात राहतो. पाणी तापवायला १५०० वॅटचा रॉड आहे. पुण्यात बहिणीकडे असल्याच रॉडवर बादली अर्ध्या तासात तापते, आमच्याकडे पाऊण तास लागतो. पोराची शाळेची गाडी सातला येते, त्यामुळे रोजची धांदल.

काल दिरांनी मोटरीसाठी आणलेलं क्लॅम्प मीटर लावून बघितलं. बाथरूमच्या सॉकेटवर रॉड चालू असताना १८२ व्होल्ट आणि ५.१ अँपिअर. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, एवढं मला माहीत आहे. मग १५०० ला १८२ ने भागलं तर ८.२ अँपिअर यायला हवेत ना? वायरमनही म्हणतो, व्होल्टेज पडलं की करंट वाढतो, म्हणून तर मोटरी जळतात. मग मीटर खोटं का रॉड गेलाय? आणि पाऊण तास चालतो म्हणजे बिलही दीडपट का? बी.ए. मराठी आहे, सावकाश सांगा.

जुना वाइंडर
ताई, मीटर खरं आणि रॉडही धडधाकट. रॉडवरचे १५०० वॅट हे '२३० व्होल्ट मिळाले तर' या बोलीवर लिहिलेले असतात. तुमच्याकडे बोलीच मोडली.

रॉडमध्ये बदलत नाही ती आतली नायक्रोमची तार. तिचा रोध, म्हणजे ती करंटला किती अडवते ते, काढा: १८२ भागिले ५.१, म्हणजे ३५.७ ओहम. आता याच तारेला २३० व्होल्ट दिले तर? वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले करंट, आणि करंट म्हणजे व्होल्ट भागिले रोध; म्हणून २३० चा वर्ग भागिले ३५.७, साधारण १४८० वॅट. म्हणजे कंपनीने लिहिलंय ते बरोबरच आहे. तुमच्याकडे मात्र १८२ गुणिले ५.१, अवघे ९२८. व्होल्टेज पडलं एक पंचमांश, पण त्याबरोबर करंटही पडला, म्हणून वॅट एक तृतीयांशाहून जास्त गेले.

बिलाची काळजी नको. २० लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला ०.७ युनिट लागतं, मग ते २८ मिनिटांत द्या नाहीतर ४५ मिनिटांत. जास्त वेळात बादली थोडी उष्णता हवेत सोडते, तेवढाच फरक.

वायरमन खोटं बोलत नाही, पण तो मोटरीचं बोलतोय. एकतीस वर्षं मोटरी भरतोय, तेव्हा हे जरा लांबेल. रॉडला कुणी काम नेमून दिलेलं नसतं, मिळेल तेवढ्यावर तो तापतो. मोटरीच्या मानेवर मात्र पंप बसलेला असतो. व्होल्टेज कमी झालं तरी पाणी तेवढंच उपसायचं, म्हणून ती जास्त करंट ओढते. थ्री फेजला आमचा ठोकताळा एचपीला दीड अँपिअर, म्हणजे पाच एचपीला साडेसात. व्होल्टेज पडून ते नऊवर गेले की वाइंडिंगमधली, म्हणजे मोटरीच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यांमधली, उष्णता जवळजवळ दीडपट होते, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. मग रात्रीच्या लाइटीत जळतात आणि सकाळी माझ्या दारात येतात. आणि मोटरीचे व्होल्ट भागिले अँपिअर करून रोध काढू नका, तो वाइंडिंगचा रोध नसतो.

आता माझा प्रश्न. रॉड चालू असताना मीटरपाशी, मेन स्विचवर किती व्होल्ट येतात? वायरमनकडूनच मोजून घ्या. तिथून बाथरूमपर्यंत वायर किती लांब आणि कितीची?

पॉली_फर्स्ट_इयर
काका, मग माझं काय चुकलं? जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब मल्टिमीटरने मोजला, ४० ओहम दाखवतो. गणिताने, २३० चा वर्ग भागिले १००, ५२९ यायला हवेत.

जुना वाइंडर
काही चुकलं नाही. तू गार बल्ब मोजलास. टंगस्टनची तार पांढरी होईपर्यंत तापली की रोध तेरापट होतो. गार असताना क्षणभर पावणेसहा अँपिअर धावतात, म्हणून बल्ब बहुधा बटण दाबतानाच उडतो. नायक्रोमचा रोध इतका हलत नाही, त्यामुळे रॉड गार मोजला तरी चालतो. फक्त प्लग काढून मोज. चालू लाइनीवर मीटर ओहमला ठेवलेलं पोर मी बघितलंय, भुवया गेल्या होत्या.

माळावरची
मोजलं. मेन स्विचवर १९५, सॉकेटवर १८२. वायर तांब्याची, एक चौरस मिमीची, तीस मीटर.

जुना वाइंडर
म्हणजे १३ व्होल्ट घरातच खर्च होतात. तीस मीटर जायचे, तीस यायचे. एवढ्या तारेचा रोध साधारण १.१ ओहम, तो साडेपाच व्होल्ट खाणार. उरलेले साडेसात कुठेतरी एका ढिल्या जोडात जातायत. साडेसात गुणिले ५.१ म्हणजे ३८ वॅट. सोल्डरिंगची मशीन २५ वॅटची असते आणि कथील वितळवते. आजच मेन बंद करून सॉकेट उघडायला लावा. तोवर रॉड लावू नका.

माळावरची
उघडलं. सहा अँपिअरचं सॉकेट होतं, एका पिनेमागचं प्लॅस्टिक वितळून तार काळी ठिक्कर. मागे सासूबाई म्हणाल्या होत्या, बाथरूमपाशी जळका वास येतो. मीच उदबत्तीचा असेल म्हणून सोडून दिलं. आता सोळाचं सॉकेट बसवलं. १८९ व्होल्ट, ५.३ अँपिअर. मी स्वतः गुणून बघितलं, हजार वॅट. बादलीला बेचाळीस मिनिटं लागली.