विदर्भ, वऱ्हाड, नागविदर्भ आणि अनुशेष: नेमके अर्थ काय?

विचारणा: जुन्या लिखाणात कुठे 'वऱ्हाड', कुठे 'नागविदर्भ', तर कुठे 'महाविदर्भ' असं वाचायला मिळतं. हल्ली आपण सरसकट 'विदर्भ' म्हणतो. हे सगळे शब्द एकाच प्रदेशाचे आहेत का? आणि 'विदर्भ विभाग' असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर: एकाच प्रदेशाचे नाहीत, आणि ते एकमेकांच्या जागी वापरले की इतिहासच उलटसुलट होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वऱ्हाड म्हणजे वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा. १८५३ साली निजामाने तो कंपनी सरकारच्या ताब्यात दिला. १९०२ साली वार्षिक २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. नागपूरची वाट वेगळी. भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरलं. म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवर मराठीच बोलली जात होती, पण जमीनमहसुलाची पद्धत, कायदे आणि मालक यांचा इतिहास वेगवेगळा होता. 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या नावातला 'व' याच दोन इतिहासांना जोडणारा आहे.

'विदर्भ' हे नाव महाभारतातल्या नल-दमयंतीच्या कथेइतकं जुनं आहे. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या राजकारणात त्याचा अर्थ बराच आखूड होता. काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या केल्या, तेव्हा नागपूरची समिती वेगळी होती आणि 'विदर्भ' समिती म्हणजे वऱ्हाडची समिती. हा संदर्भ लक्षात घेतला की 'नागविदर्भ' हा शब्द आपोआप उलगडतो: नागपूर अधिक विदर्भ. 'विदर्भ' म्हणताच नागपूर त्यात आलं असतं, तर 'नाग' जोडायची गरजच नव्हती. लोकनायक बापूजी अणे यांच्या काळातल्या, वेगळ्या राज्याची मागणी करणाऱ्या नागविदर्भ आंदोलन समितीच्या नावात हाच जुना अर्थ टिकून आहे.

पुढे हा अर्थ पसरला तो वेगळ्या प्रांताच्या मागणीमुळे. १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने मराठी जिल्ह्यांच्या वेगळ्या प्रांताचा ठराव केला. दोन्ही भागांना मिळून नाव हवं होतं, म्हणून 'महाविदर्भ' रूढ झालं. मराठी भागांचं एक राज्य करण्यासाठी तिथल्या नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर करारातही तोच शब्द आहे: महाविदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित राज्य. फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली आठ मराठी जिल्ह्यांच्या वेगळ्या राज्याची शिफारस केली, ती मात्र 'विदर्भ' याच नावाने. ते राज्य झालं नाही. १९५६ साली हे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. 'महा' गळून पडलं, आणि आज विदर्भ म्हटलं की गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतचे, त्या आठांच्या विभाजनातून झालेले अकरा जिल्हे डोळ्यांसमोर येतात.

आता 'विदर्भ विभाग'. महसुली भाषेत 'विभाग' म्हणजे विभागीय आयुक्ताच्या अखत्यारीतले जिल्हे. तसे इथे दोन विभाग आहेत. अमरावती विभागात पाच जिल्हे, नागपूर विभागात सहा. संपूर्ण विदर्भाचा एक आयुक्त नाही. १९६० साली आठही जिल्हे नागपूर विभागातच होते, म्हणून त्या काळच्या संदर्भात दोन्ही शब्द एकमेकांवर बसतात. आज बसत नाहीत. तेव्हा लिहिताना 'विदर्भ प्रदेश' लिहावं किंवा नुसतं 'विदर्भ'.

एक भर: मी भंडारा जिल्ह्यातली. बाहेर कुठेही गेलं की "तुम्ही वऱ्हाडी ना?" असं विचारतात. आम्ही वऱ्हाडी नाही हो, आम्ही झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यातले. आमची बोली झाडी. नागपूरकडची माणसंसुद्धा वर्धा नदी ओलांडून निघाली की "वऱ्हाडात चाललो" म्हणतात. कृपा करून 'वैदर्भीय' म्हणा, पण सगळ्यांना 'वऱ्हाडी' करू नका.

विचारणा: ताई, ही नोंद फार मोलाची आहे. जोडीने 'अनुशेष' या शब्दाबद्दलही कोणी सांगेल का? 'थकबाकी' आणि 'अनुशेष' एकच ना?

उत्तर: इथे तर फरक जपायलाच हवा. थकबाकी ठरलेल्या रकमेची असते. देणं किती ते आधीच ठरलेलं असतं. प्रादेशिक अनुशेष तुलनेतून निघतो. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढली आणि एखादा जिल्हा तिच्या जितका खाली, तितका त्याचा अनुशेष मानला. एकूण आकडा सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४६ कोटी, म्हणजे ३९ टक्के. मराठवाड्याचा जवळपास ७५० कोटी. आणि 'उर्वरित महाराष्ट्रा'चा १,१८९ कोटी, कारण कोकण त्यातच मोडतं. 'उर्वरित' म्हणजे सगळा सधन मुलूख, असा समज करून घेणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

व्याख्या अशी असल्यामुळे दोन उपशब्द आले. 'आर्थिक अनुशेष' रुपयांत मोजतात, 'भौतिक अनुशेष' प्रत्यक्ष कामात, म्हणजे सिंचनाचा असेल तर हेक्टरमध्ये. ठरलेला पैसा खर्च झाला की आर्थिक अनुशेष कागदावर संपतो. पण मधल्या काळात धरणाचा खर्च वाढलेला असतो, कालवे अर्धवट असतात आणि शेतात पाणी पोचलेलं नसतं. म्हणून 'अनुशेष संपला' अशी बातमी वाचली की आधी कोणता अनुशेष ते पाहावं. घटनेच्या कलम ३७१(२) नुसार १९९४ साली वैधानिक विकास मंडळं स्थापन झाली आणि निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर आली. तिथल्या वादांत एक बाजू रुपये मोजते आणि दुसरी हेक्टर, हे वारंवार घडलं आहे.

विचारणा: 'वेगळा विदर्भ' बरोबर की 'स्वतंत्र विदर्भ'?

उत्तर: दोन्ही रूढ आहेत. बोलण्यात 'वेगळा', मागणीपत्रांत 'स्वतंत्र विदर्भ राज्य'. फक्त 'राज्य' हा शब्द गाळू नये. कलम ३ खाली संसद नवं राज्य करते आणि ते भारताचंच घटक राज्य असतं. म्हणूनच या मागणीला 'फुटीर' म्हणणं मला चुकीचं आणि अन्यायाचं वाटतं, मग मागणी पटो वा न पटो.