जपानी शेअरचे कोड शोधणारं टूल: एजंट ठामपणे चुकतोय, नक्की काय बदलू?

शाईदौत:
मी जपानीतून भाषांतरं करते, प्रोग्रॅमिंग अडल्यापुरतं येतं. कंपन्यांची निवेदनं हाताळताना दर वेळी कोड, बाजाराचा विभाग आणि उद्योगवर्ग शोधायचा कंटाळा आला, म्हणून एआय एजंटसाठी छोटं टूल लिहिलं. टोकियो शेअर बाजाराची दर महिन्याची एक्सेल यादी उतरवून घ्यायची. नाव दिलं की कोड, कोड दिला की नाव. एमसीपीने (एजंटला बाहेरची टूल्स जोडायची ठरावीक पद्धत) एजंटला जोडलं. टोयोटा ७२०३, सोनी ६७५८, निन्तेन्दो ७९७४. दोन दिवस मी स्वतःवरच खूश होते.

मग किओक्सिया विचारलं. एजंट म्हणतो, अशी कंपनी बाजारात नाही! डिसेंबर २०२४ मध्ये थेट प्राइम विभागात (बाजाराचा सर्वांत वरचा विभाग) आलेली कंपनी आहे हो ती. कोड २८५ए. मी कोडचा रकाना इंटीजर (फक्त पूर्णांक) धरला होता, त्यामुळे 'ए'वाली प्रत्येक ओळ वाचतानाच गळत होती. तीही गुपचूप, कारण 'एरर आली तर ती ओळ सोड' हे माझंच शहाणपण.

ते निस्तरलं. आता तोशिबा. ती २० डिसेंबर २०२३ ला बाजारातून बाहेर पडली, म्हणजे यादीत नाहीच. पण माझा शोध जवळचं नाव देतो, त्याने तोशिबा टेक (६५८८) पुढे केलं आणि एजंटने तोच तोशिबाचा कोड म्हणून अहवालात लिहिला. अहवाल वाचायला इतका छान होता की मी जवळजवळ पाठवलाच होता.

नावाचा शोध किती सैल ठेवायचा? अगदी काटेकोर केला तर 'केडीडीआय' ही दूरसंचार कंपनीसुद्धा सापडत नाही.

रिकामा_रकाना:
केडीडीआयचं दुखणं वेगळं आहे. त्या यादीत रोमन अक्षरं पूर्ण रुंदीची असतात, तुम्ही टाइप करता ती अर्ध्या रुंदीची. डोळ्यांना सारखी, संगणकाला परकी. दोन्हीकडे एनएफकेसी (अशी अक्षरं एकाच रूपात आणणारी युनिकोडची पद्धत) लावा, मगच तुलना करा.

कोड शेवटपर्यंत स्ट्रिंगच (आकडा नव्हे, मजकूर) ठेवा. जानेवारी २०२४ पासून नव्या कोडमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या जागी अक्षर येऊ शकतं, सुरुवात १३०ए पासून झाली. बी, ई, आय, ओ, क्यू, व्ही, झेड ही सात अक्षरं वापरत नाहीत, तेव्हा कोड ओळखायला रेगेक्स (मजकुराचा नमुना) लिहिणार असाल तर तीही वगळा. आणि ओळ गाळायचीच असेल तर निदान गाळलेल्या ओळींचा आकडा तरी छापा.

उलटतपासणी:
सैल की घट्ट हा मुद्दाच नाही. निवड कोण करतंय ते बघा. तुमचं टूल एकच उत्तर देतं, म्हणजे निवड टूलने केली आणि एजंटला त्याचा पत्ताच नाही. नाव तंतोतंत जुळलं तरच एक उत्तर द्या. नाहीतर 'तंतोतंत जुळलं नाही, हे पर्याय' असं शब्दांत सांगून चार-पाच नावं कोड आणि उद्योगवर्गासकट द्या. रिकामी यादी परत करू नका. रिकामी जागा दिसली की एजंट ती आठवणीतून भरतो.

मी 'मित्सुबिशी' टाकून तपासतो. समूहातल्या कंपन्यांचे कोड येतात, ८०५८, ६५०३, ७०११, ८३०६, ८८०२... आणि त्यातच मित्सुबिशी पेन्सिल, ७९७६. तीन हिऱ्यांचं चिन्ह तेच, पण त्या उद्योगसमूहाशी संबंध नाही. एजंटने तिला समूहात बसवलं की समजायचं, टूल कमी बोलतंय.

घाईत:
एवढा खटाटोप कशाला? जे-क्वांट्सचा एपीआय घ्या, टोकियो बाजाराची माहिती थेट प्रोग्रॅमला देणारी सेवा आहे ती.

रिकामा_रकाना:
@घाईत फुकट योजनेत माहिती १२ आठवडे मागे असते. कालच बाजारात आलेली कंपनी विचारली तर पुन्हा 'नाही'च. शिवाय तिथे कोड पाच अंकी येतात, टोयोटा ७२०३०. शेवटचा अंक डोळे मिटून छाटू नका! इतो एनचा साधा शेअर २५९३०, प्राधान्य शेअर २५९३५. छाटलात की दोन्ही एकच.

शाईदौत:
पर्याय द्यायला लागल्यापासून एजंट उलट मलाच विचारतो, 'यातली कोणती?' आधी वैताग आला, पण हेच हवं होतं. बाहेर पडलेल्या कंपन्यांचा वेगळा तक्ता केला, तारखेसकट. उत्तरासोबत यादी कोणत्या तारखेची तेही जातं.

नवी गंमत: टोकियोत किती कंपन्या आहेत असं विचारलं, तर त्याने यादीतल्या सगळ्या ओळी मोजल्या. त्यात ईटीएफ आणि रीटसुद्धा आहेत, म्हणजे कंपन्या नव्हेत, बाजारात विकले जाणारे फंड. आणि विभाग सांगताना टूलला न विचारताच 'पहिला विभाग' म्हणाला, जो जुन्या रचनेतला आणि ४ एप्रिल २०२२ लाच गेला.

उलटतपासणी:
मोजणीसाठी वेगळं फंक्शन द्या, विभागाच्या रकान्यावर गाळून. विभागाबद्दल टूलच्या वर्णनातच लिहा: फक्त प्राइम, स्टँडर्ड, ग्रोथ, जुनं नाव आठवलं तर आधी टूलला विचार.

शाईदौत:
लिहिलं. तोशिबा पुन्हा विचारलं: '६५०२, सध्या नोंदणीकृत नाही, २० डिसेंबर २०२३ ला बाहेर. तोशिबा टेक ही वेगळी कंपनी.' मित्सुबिशी पेन्सिल उद्या बघते.