1971 ची फियाट घेऊन ठाणे ते पणजी, चार दिवस. असा एक दिवस नेमका जातो कसा?

ताडपत्रीवाला:
राम राम मंडळी. बाबांची 1971 ची फियाट 1100 डिलाईट आता माझ्याकडे आहे. बरीच वर्षं सोसायटीत ताडपत्रीखाली उभी होती. यंदा इंजिनाचं काम करून घेतलं. सध्या दर रविवारी सकाळी घोडबंदर रोडला चहा पिऊन परत, एवढाच तिचा प्रवास.

जानेवारीत जुन्या गाड्यांचा एक ग्रुप ठाणे, पुणे, कोल्हापूर, सावंतवाडी, पणजी असा दौरा काढतोय. बाराएक गाड्या आहेत. पत्रकात रोजचे किलोमीटर दिलेत, बाकी नुसतं "धमाल". माझी धास्ती तिसऱ्या दिवसाची, कोल्हापूर ते सावंतवाडी, आंबोली घाट उतरून. दीडशेच्या आसपास किलोमीटर. नव्या गाडीला साडेतीन-चार तास. हिला किती? चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, घाटात टिकतात का? ते व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीच्या व्हीए नंबरचं काय, सक्तीचं आहे का? बायको म्हणते, "मी बसने येते, पणजीत भेटू." तिला काय सांगू?

चोक_ओढून:
रस्ता तोच, दिवसही तिसराच. 2024 च्या जानेवारीत माझी 1978 ची पद्मिनी घेऊन गेलो होतो, शेजारी सौ. सविस्तर लिहितो, कारण पत्रक वाचून मीही असाच फसलो होतो.

सकाळी सहाला कोल्हापुरात हॉटेलच्या आवारात अकरा गाड्या चोक ओढून धुमसत होत्या. पेट्रोलचा वास जिन्यापर्यंत. वॉचमनने मफलर नाकावर ओढून घेतला आणि गेट उघडून दिलं, त्याला आम्ही लवकर जायला हवे होतो. साडेसहाला निघालो. निपाणीपर्यंत हायवे, साठच्या आतबाहेर. सत्तरलाही जाते, पण मग डावं दार बोलायला लागतं.

निपाणी सोडून उत्तूरच्या रस्त्याला लागलो आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. हंगाम ऐन भरात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस इतका की बाजूने लोंबतोय. दुसऱ्या गिअरवर, पंधराच्या वेगाने, त्यांच्या मागे अर्धा-अर्धा तास. वारा नाही, पंखा जेमतेम फिरतोय, तापमानाचा काटा वर चाललाय. तरी गाडी चालत होती बरं का. तक्रार नाही.

बंद पडली ती आजऱ्याच्या अलीकडे, स्वागताला थांबलो तेव्हा. आयोजकांनी सत्कार ठेवला होता. हार, नारळ, शाळेची पोरं, लेझीम. सगळं छान. फोटोसाठी सगळ्यांना बॉनेट बंद ठेवायला लावलं. पंचवीस मिनिटं. निघायची वेळ झाली तर अकरापैकी पाच गाड्या सुरूच होईनात, माझी धरून. स्टार्टर फिरतोय, पेट्रोल येत नाही. प्रत्येकाच्या गाडीभोवती दहा माणसं आणि प्रत्येकाचं मत वेगळं. एकाने तर माझे प्लग काढायला घेतले.

गर्दीतून धोतर नेसलेले एक म्हातारबाबा पुढे आले. मी म्हटलं, आता हे "डुक्कर फियाट का?" विचारणार. (सकाळपासून तिघांनी विचारलं होतं. लोकहो, डुक्कर म्हणजे पन्नाशीच्या दशकातली ती फुगऱ्या नाकाची 1100. पद्मिनी नव्हे.) त्यांनी काहीच विचारलं नाही. बॉनेटखाली हात घातला, पेट्रोल पंपाला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. "गाडी बंद पडली न्हाई. तुम्ही बंद केलीसा."

मुंबईत आयुष्यभर टॅक्सी चालवलेला माणूस. गुरांच्या पाण्याच्या हौदात त्यांनी गोणपाट बुडवायला लावलं. सौ.ने माझा अंघोळीचा पंचा काढून दिला, गोणपाटापेक्षा तो पंपावर नीट बसला. दहा मिनिटांनी पहिल्या सेल्फला सुरू.

कारण साधं आहे. आपल्या गाड्यांचा पंप इंजिनालाच चिकटलेला. गाडी चालू असते तोवर पंखा वारा मारत असतो आणि टाकीतून गार पेट्रोल येत असतं. तापलेलं इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतं, बॉनेटखालची उष्णता पंपात शिरते आणि आतल्या पेट्रोलची वाफ होते. वाफ काही पंपाला ओढता येत नाही.

म्हातारबाबा दोन मिनिटं स्टिअरिंगमागे बसले. डाव्या हाताने न बघता पहिला, दुसरा, तिसरा टाकून पाहिला आणि म्हणाले, तिसरा जरा अडतोय. अडतोच. काळी-पिवळी पद्मिनी त्याच्या तीनच महिने आधी, 30 ऑक्टोबर 2023 पासून, मुंबईच्या रस्त्यावरून गेली होती. मी तो विषय काढला, तर म्हणाले, "गेली न्हवं. गिऱ्हाईकाला एसी लागतो आता."

आंबोली दुपारी एकची ठरली होती, पोचलो पावणेचारला. घाट मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपा गेला, कारण पहिल्या वळणाआधीच दुसरा गिअर टाकला आणि खाली दाणोलीपर्यंत काढला नाही, म्हणजे ब्रेकऐवजी इंजिनच गाडी धरतं. मागून एसटी हॉर्न मारते, मारू दे. पुढे एक अॅम्बेसेडर होती, तिचा मालक तिसऱ्यावर, प्रत्येक वळणाला लाल दिवा. चौथ्या-पाचव्या वळणावर जळका वास आला आणि तो काच खाली करून हात हलवायला लागला. पेडल खाली जात होतं. ड्रम तापला की फुगतो, ब्रेक शूपासून लांब जातो. मग कितीही दाबा. कडेला घेऊन त्याला अर्धा तास बसवला. तो बाटलीतलं पाणी ड्रमवर ओतायला निघाला होता, हात धरला. तापलेलं बीड (ओतीव लोखंड) आहे ते, तडकतं.

सहाला सावंतवाडी, मोती तलावाच्या कडेला. साडेअकरा तास, त्यातले स्टिअरिंगमागे जेमतेम सहा.

तेव्हा आयोजकांना किलोमीटर विचारू नका. कुठे-कुठे थांबणार आणि किती वेळ, ते विचारा. दहा मिनिटांहून कमी थांबायचं तर इंजिन चालू ठेवा, जास्त असेल तर बॉनेट उघडं. फोटोवाले रागावतात. रागावू देत.

ग्रीसचे_हात:
काकांशी शंभर टक्के सहमत, फक्त एक भर. ते गेले तेव्हापेक्षा आताचं पेट्रोल वेगळं आहे. पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं. जुन्या रबराला ते सोसत नाही. पेट्रोलचे सगळे पाईप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलला चालणारा टाकून घ्या. "परवाच बदललाय" म्हणू नका, गोदामात वीस वर्षं पडलेला "ओरिजिनल" डायफ्रॅम असेल तर तोच पहिला जाईल. पेट्रोल-हवेचं मिश्रणही जरा पातळ पडतं, तेव्हा प्लगचा रंग बघा. पांढरट दिसला तर कार्ब्युरेटरचा जेट किंचित मोठा लागेल. ब्रेक ऑइल निघण्याआधी बदला. जुन्या ऑइलने पाणी धरलेलं असतं, घाटात उकळतं. आणि एक जास्तीचा फॅन बेल्ट. तालुक्याच्या गावी ह्या गाडीचा बेल्ट शोधत फिरायचं वय नाही आपलं.

आरटीओचा_जावई:
व्हीएबद्दल. 2021 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरण 5,000. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, त्यामुळे बाबांचा नंबर जाईल ही भीती नको. पण एकदा व्हिंटेज झाली की रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल, एवढ्यासाठीच रस्त्यावर. रविवारचा घोडबंदरचा चहा त्यात बसत नाही. चालू आरसी, विमा, पीयूसी धड असेल तर दौऱ्यासाठी मुद्दाम काही करू नका.

ताडपत्रीवाला:
सगळ्यांचे आभार. आयोजकांना फोन केला. तिसऱ्या दिवशी सत्काराचे चार कार्यक्रम आहेत म्हणे. दोन करा म्हटलंय, बघू. ब्रेक ऑइल उद्याच बदलतो. बायकोचा प्रश्न मात्र राहिलाच.

डाव्या_सीटवरून:
तो मी घेते, मी तीन दौरे केलेत. तिला खरं सांगा. एसी नाही, कमरेला आधार नाही, केसांना संध्याकाळपर्यंत पेट्रोलचा वास. पण ती पुढची त्रिकोणी काच नीट फिरवली की वारा थेट चेहऱ्यावर येतो, तेवढं नव्या गाडीत नाही. दुपारचं जेवण तीनला मिळेल असं धरून डबा स्वतःचा घ्या. आणि गाडी बंद पडल्यावर "मी आधीच म्हटलं होतं" हे म्हणायचा हक्क तिला निघण्याआधीच देऊन टाका.

ता. क. चोक_ओढून काका, काकू परतीच्या प्रवासातही तुमच्याच गाडीत होत्या का?

चोक_ओढून:
मडगावहून कोकणकन्या. पंचा तेवढा गाडीत ठेवून गेली.