कृष्णवर्णीय क्वीअर स्त्रिया आणि नाचाची रात्र : जागा कोणाच्या नावावर होती?

प्रश्न : नगरवाचक

अमेरिकेतील शहरांचा इतिहास वाचताना एक गोष्ट सतत खटकते. समलिंगी चळवळ म्हटली की न्यू यॉर्कच्या स्टोनवॉल बारमधले १९६९ सालचे पोलिसांविरुद्धचे बंड आठवते, कृष्णवर्णीय संगीत म्हटले की त्याच शहरातील हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती आठवते. परंतु ज्या कृष्णवर्णीय होत्या आणि स्त्रियांवर प्रेमही करीत होत्या, त्या रात्री कुठे जमत, कुठे नाचत, याचा उल्लेख ओझरताच येतो. त्यांच्या हक्काच्या जागा होत्या का? असल्यास त्या का टिकल्या नाहीत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ : पानोपानी

जागा होत्या, मात्र त्यांतील बऱ्याच जागांवर पाटी नव्हती. १९२०च्या दशकात हार्लेममध्ये भाडी अवाच्या सवा होती, आणि ती भागवण्यासाठी राहत्या घरीच पैसे घेऊन खाणेपिणे आणि नाच ठेवण्याची रीत पडली होती. त्या काळच्या नर्तिका मेबल हॅम्प्टन (१९०२–१९८९) यांनी उतारवयात ध्वनिमुद्रित केलेल्या आठवणींत केवळ स्त्रियांच्या अशा मेळाव्यांचे वर्णन आहे. येणाऱ्या बहुतेकजणी बायकी सूट घालून येत, पँट क्वचितच कोणी घाली, कारण तिथवर रस्त्यावरून चालत यावे लागे. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो : दाराच्या आत कितीही मोकळीक असली, तरी बाहेरच्या रस्त्याची भीती अंगावरच्या कपड्यांत दिसत होती.

याच हार्लेममध्ये ग्लॅडिस बेंटली पांढरा टक्सिडो आणि उंच हॅट घालून १३३व्या रस्त्यावरच्या क्लबात पियानो वाजवत, गात आणि समोरच्या स्त्रियांशी उघडपणे प्रेमाच्या गोष्टी करीत. परंतु रंगमंचावरच्या एकीला मिळालेली मुभा खाली नाचणाऱ्या सर्वसामान्य स्त्रीला मिळत नसे. बेंटली यांनाही ती कायमची मिळाली नाही. १९५२ साली त्यांनी एका मासिकात आपण पुन्हा ‘स्त्री’ झाल्याचे जाहीर केले. ते वर्ष समलिंगी माणसांच्या सरकारी छळाचे होते, हे विसरून तो लेख वाचता येत नाही.

कायद्याचाही विचार करावा. न्यू यॉर्क शहराने १९२६ साली कॅबरे कायदा केला आणि खाण्यापिण्याच्या सार्वजनिक ठिकाणी विनापरवाना नाचणे बेकायदा ठरले. तो रद्द व्हायला २०१७ साल उजाडले.

प्रतिसाद २ : पिको_परिसर

आपल्या प्रश्नाचे सर्वांत ठोस उत्तर लॉस एंजेलिसमध्ये आहे. ज्युएल थायस-विल्यम्स या कृष्णवर्णीय समलिंगी स्त्रीने १९७३ साली पिको बुलेव्हार्ड या रस्त्यावर ‘कॅच वन’ हे नाचघर सुरू केले आणि २०१५पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, चालवले. त्याआधी अवघी दोनच वर्षे, १९७१ साली, स्त्रियांना बारटेंडरचे काम नाकारणारा नियम कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला होता. यावरून त्यांच्या धाडसाची कल्पना यावी. शहराच्या पश्चिमेकडील गोऱ्या समलिंगी पुरुषांच्या क्लबांत कृष्णवर्णीयांकडे आणि स्त्रियांकडे दारावरच दोन-तीन ओळखपत्रे मागितली जात. एक दाखवले की आणखी एक हवे असे. ‘कॅच वन’ उभे राहिले ते या दारावरच्या अपमानाला उत्तर म्हणून.

आणि तिथे केवळ नाच नव्हता. एड्सच्या साथीत कृष्णवर्णीय रुग्णांकडे कोणी फारसे पाहत नव्हते, तेव्हा ज्युएल मदतकार्यात उतरल्या. त्यांनी आणि त्यांच्या जोडीदार रू यांनी एड्सग्रस्त स्त्रिया व त्यांच्या मुलांसाठी निवारा चालवला, आणि पुढे क्लबच्या शेजारीच अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी दवाखाना काढला. हे सारे शक्य झाले, कारण गल्ला आणि दाराची किल्ली त्यांच्या हाती होती. माझ्या मते टिकण्या-न टिकण्याचा खरा प्रश्न मालकीचाच आहे.

प्रतिसाद ३ : मध्यरात्र

ज्युएल यांच्याविषयी माझ्याही मनात नितांत आदर आहे, पण मालकी हीच एकमेव फूटपट्टी मानली तर या स्त्रियांनी उभे केलेले बरेचसे काम नजरेआड होईल. कृष्णवर्णीय स्त्रियांची कमाई कमी, भांडवल देणारे कोणी नाही, आणि वस्तीत महागडी घरे येऊ लागली की भाडे परवडत नाही. अशा परिस्थितीत शिकागोसारख्या शहरात अनेकींनी दुसऱ्याच्या बारमध्ये महिन्यातली एखादी रात्र घेऊन ती आपली केली. संध्याकाळी टेबले भिंतीशी सरकवायची, दाराशी ओळखीची मैत्रीण उभी करायची, डीजेही आपल्यातलीच आणायची, आणि पहाटे जागा पूर्ववत करून द्यायची, हे कष्टाचे काम आहे. त्यात बारमालकाने अचानक नकार दिला, तर पुढच्या महिन्याची रात्र कुठे ठेवायची, हाही घोर असतोच.

शिकागोतील ‘वेअरहाऊस’ क्लब १९७७ साली सुरू झाला; तिथे डीजे फ्रँकी नकल्स वाजवत असत, आणि ‘हाउस’ या नाचाच्या संगीतप्रकाराला त्या क्लबवरूनच नाव मिळाल्याचे सांगतात. ती खोली इतिहासात राहिली, कारण पुढे तिच्या संगीताच्या तबकड्या निघाल्या. स्त्रियांच्या फिरत्या रात्रींचे पुरावे मात्र हस्तपत्रकांत, छायाचित्रांत आणि आयोजकांच्या स्मरणातच असतात. त्यामुळे आपण इमारतींपासून नव्हे, तर आयोजक स्त्रियांच्या मुलाखतींपासून वाचनाला सुरुवात करावी. हॅम्प्टन यांच्या ध्वनिफिती न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातील लेस्बियन हर्स्टोरी अर्काइव्ह्ज या समलिंगी स्त्रियांच्या इतिहास-संग्रहाने जपल्या आहेत; त्या आधी ऐकाव्यात.