मासे बायकांनी निवडले, काझी पुरुष झाले

नवगावची लेक: बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, एक गोष्ट सगळे सांगतात. कोकणात तेल गाळणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या 'शनवार तेल्यां'कडे दाविद रहाबी नावाचा बाहेरचा ज्यू आला. हे खरंच ज्यू आहेत का, हे बघायला त्याने बायकांपुढे मासळी ठेवली. पर-खवले नसलेले, ज्यू धर्मात निषिद्ध असलेले मासे त्यांनी बाजूला काढले. हे आमच्यात खात नाहीत, म्हणाल्या. त्याची खात्री पटली. मग शिकवायला त्याने निवडले तीन पुरुष, आणि झिराडकर, राजपूरकर, शापूरकर ही काझी, म्हणजे धर्मकार्य बघणारी, घराणी झाली. मासे निवडणाऱ्या एकीचंही नाव उरलं नाही. हिब्रू विसरली होती, ग्रंथ नव्हते, तेव्हा धर्म चुलीपाशीच टिकला ना? मग ज्यू इतिहास फक्त सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनागृह) आणि काझींचा का?

जुने दप्तर: पटत नाही. ही दंतकथा आहे. रहाबीला कोणी हजार वर्षं मागे नेतं, कोणी अठराव्या शतकातल्या कोचीचा मानतं. आणि बाईचं मोठेपण पुन्हा स्वयंपाकघरातच शोधायचं? बेने इस्रायली डॉक्टर जेरुशा झिराड घ्या. १९१३ मध्ये मुंबईत स्त्री मंडळ, १९२५ मध्ये ज्यूइश रिलिजस युनियन ही सुधारणावादी धार्मिक संस्था, १९२८ ते १९४७ कामा हॉस्पिटलची धुरा. तारखा आहेत, नोंदी आहेत. तिथून लिहा.

नवगावची लेक: झिराडबाईंवर लिहायलाच हवं. पण त्या लंडनला शिकलेल्या. अलिबागकडच्या तेलिणीचा कागद कुठून आणू? रहाबी खरा की खोटा, हा माझा मुद्दाच नाही. गोष्ट सांगताना समाजाने पारख बाईची केली आणि मान पुरुषाला दिला. मला अभ्यासायची आहे ती ही सांगण्याची रीत.

पोहे-खोबरं: मी बेने इस्रायली घरातली. मलिद्याचे, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या विधीतल्या प्रसादाचे, पोहे आजी भिजवायची, गूळ-खोबरं तिच्या अंदाजाने पडायचं. एलियाहू हन्नबीची, म्हणजे संदेष्टा एलियाहूची, प्रार्थना पुरुष म्हणायचे. पण तुला डावललं असं कोणी म्हटलं असतं, तर ती चिडली असती. ताट तिच्या मनासारखं लागेपर्यंत प्रार्थना सुरू व्हायची नाही! तिच्या वतीने बोलण्याआधी अशा बायकांना विचारा तरी.

जुने दप्तर: हे मान्य. इस्रायलमधल्या लोद, अश्दोद शहरांत मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्या बायका अजून आहेत. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, तो मी पुरावा मानेन. माशांची गोष्ट नाही मानणार.