सान गुओ शा : हुआ तुओ घेतला की दर वेळी आधी मीच मरते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे सान गुओ शा खेळणारं कुणी आहे का? मी सिंगापूरला असते. ऑफिसातल्या चिनी सहकाऱ्यांनी गेल्या वर्षी मला या खेळात ओढलं आणि आता शुक्रवारची संध्याकाळ त्यासाठीच राखून ठेवलेली असते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लहानपणी चिठ्ठ्या टाकून आपण राजा-राणी-चोर-शिपाई खेळायचो, त्याच जातीचा पण बराच खोल, पत्त्यांचा खेळ. चीनच्या तीन राज्यांच्या काळातली पात्रं आहेत, प्रत्येकाकडे एक पात्र आणि एक गुप्त भूमिका. बीजिंगमध्ये हुआंग काई यांनी विद्यार्थी असताना तो रचला आणि 2008 मध्ये तो बाजारात आला. आठ जण असले की एक राजा, दोन निष्ठावंत, चार बंडखोर आणि एक फितूर (भूमिकांची ही मराठी नावं मी ठेवलेली). राजा तेवढा उघड, बाकीच्यांची चिठ्ठी ज्याची त्याला ठाऊक. बंडखोरांना राजा मारायचा असतो. फितुराला आधी बाकी सगळे आणि अगदी शेवटी राजा.

मला हुआ तुओ मनापासून आवडतो. वैद्य आहे, जीव तीनच. स्वतःच्या पाळीत हातातलं एक पान टाकून कुणाही जखमी खेळाडूचा एक जीव भरून काढता येतो. आणि दुसऱ्याची पाळी चालू असताना कुठलंही लाल पान, म्हणजे बदाम किंवा चौकट, 'ताओ' (एक जीव भरून देणारं पान) म्हणून वापरून मरणाऱ्याला वाचवता येतं. मूळ 108 पानांत खरे ताओ फक्त 8 आहेत, म्हणजे ही केवढी मोठी ताकद आहे बघा.

पण माझ्या हातून ती वाया जाते. मागच्या महिन्यात मी निष्ठावंत होते, राजा त्साओ त्साओ. पहिल्याच फेरीत त्याचा एक जीव गेला होता, मी लगेच चौकटची नव्वी टाकून तो भरून दिला. चारही बंडखोरांना कळलं मी कोण ते. दुसऱ्या फेरीत माझा एक जीव उरला, तिसऱ्या फेरीत मी संपले. पुढच्या खेपेला ठरवलं, गप्प बसायचं. कुणालाच बरं केलं नाही. तर राजाला वाटलं मीच फितूर, आणि त्यानेच मला मारलं. राजाने निष्ठावंताला मारलं तर त्याला हातातली आणि समोर मांडलेली (शस्त्रं, घोडे वगैरे) सगळी पानं टाकावी लागतात. पुढच्या दोन पाळ्यांत तोही गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगते.

मग हुआ तुओने स्वतःला उघड करायचं तरी कधी? आणि कुणाचा जीव भरायचा, कुणाचा नाही, हे कसं ठरवायचं? मला दुसरं पात्र घे असा सल्ला नको आहे. हेच नीट खेळायचं आहे.

— निळी_छत्री

*

किलवर_गुलाम : ताई, चौकटची नव्वी टाकलीत, तिथेच डाव सुटला. स्वतःच्या पाळीत बरं करायला कुठलंही पान चालतं, मग इस्पिक-किलवर टाका. लाल पान दुसऱ्यांच्या पाळीसाठी राखायचं. सुरुवातीला हातात चार पानं असतात, पाळीत दोन उचलता, सहा झाली. तीन जीव म्हणजे पाळी संपताना तीनच ठेवता येणार. म्हणजे पहिल्या पाळीत एखादं काळं पान तसंही जाणारच असतं, त्यावर कुणाला बरं केलंत तर फुकटात पडतं.

आणि यातूनच दुसरी गोष्ट येते, जी नवे खेळाडू हमखास चुकतात. पाळी संपताना जितके जीव तितकीच पानं हातात. तुमचा एक जीव उरला की एकच पान उरतं, मग वाचवणार कशाने? म्हणून आधी स्वतःची जखम भरा. वैद्याने स्वतःला बरं केलं म्हणजे तो स्वार्थी झाला, असं इथे अजिबात नाही. पाच जीवांच्या राजाचा चौथ्यावरून पाचवा करण्यापेक्षा तुमचा दुसऱ्यावरून तिसरा होणं राजाच्याच जास्त कामाचं आहे.

सांजवेळ : यात भर. समोर मांडलेलं लाल पानसुद्धा ताओ म्हणून चालतं, हातातलंच हवं असं नाही. चितू घोडा बदामची पंजी आहे, कुऱ्हाड चौकटची पंजी. ती मांडून ठेवा, हातातल्या मर्यादेत मोजली जात नाहीत. समोरचा ती मोडू किंवा पळवू शकतो हे खरं, पण त्यासाठी त्याचं एक पान खर्ची पडतं.

जुना_भिडू : वरच्या दोघांशी सहमत. फक्त 'उघड कधी व्हायचं' याबद्दल माझं मत वेगळं आहे. निष्ठावंत असाल तर लवकर उघड व्हा. तुम्ही मेलात तरी राजा जिंकला की तुम्हीही जिंकता. बंडखोरांनी तुमच्यावर घातलेली प्रत्येक 'शा' (हल्ल्याचं पान) राजावर पडलेली नसते, आणि साधारणपणे एका पाळीत एकच शा मारता येते. तिसऱ्या फेरीत मेलात म्हणून डाव वाया गेला असं समजू नका, तेवढ्या वेळात राजाने काय केलं ते बघा. याउलट बंडखोर असाल तर दबून राहा आणि साथीदार मरायला टेकला की मगच लाल पान काढा. बंडखोराला मारणाऱ्याला तीन पानं मिळतात. एक पान देऊन साथीदारही वाचतो आणि समोरच्याची तीन पानंही बुडतात.

जाता जाता, इतिहासातल्या हुआ तुओला त्साओ त्साओनेच इ. स. 208 च्या सुमारास मारलं होतं. तुमच्या टेबलावर तो त्याचा निष्ठावंत वैद्य होता, हे वाचून मला फार बरं वाटलं.

*

निळी_छत्री : सगळ्यांचे मनापासून आभार. काल खेळलो. मी पुन्हा निष्ठावंत, राजा लिऊ बेई. पहिल्या पाळीत एकच काळं पान टाकून राजाला बरं केलं, म्हणजे त्याला कळलं मी कुणाची. चितू मांडून ठेवला. मग बंडखोरांपैकी झांग फेई, ज्याला शांची मर्यादाच नाही, राजावर सुटला. तीन शा लागोपाठ. राजा मरणार तेवढ्यात मी बदामची पंजी उचलून पुढे केली. टेबलावर दोन क्षण कुणी बोललंच नाही. पुढे मी मेले, पण राजाने डाव काढला.

एक अडचण मात्र तशीच आहे. अधूनमधून एका मरणाऱ्याला मी निष्ठावंत समजून वाचवते आणि तो फितूर निघतो.

जुना_भिडू : शाब्बास! फितुराचं म्हणाल तर बंडखोर दोनपेक्षा जास्त असेपर्यंत त्याला वाचवलंत तरी हरकत नाही, तोवर तो तुमच्याच बाजूने लढतो. तिसरा बंडखोर पडला की मात्र ज्याने राजाला एकदाही पान दिलेलं नाही, त्याच्यासाठी लाल पान काढू नका.