आजोबांची रॅले: वाकलेली फ्रेम दुरुस्त करावी का?

शाहूपुरीची_लेक:
आजोबांची २८ इंची रॅले सायकल आहे. सळईचे ब्रेक, पुढच्या बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं आणि 'नॉटिंगहॅम, इंग्लंड'. कोल्हापूरच्या २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत ती पाण्याखाली होती. आता गल्लीत उभी असताना टेम्पोनं पुढून ठोकरली. पुढचं चाक धरणारा चिमटा मागं आलाय. खालची तिरकी नळी हँडलच्या जोडापाशी थोडी वाकलीय, तिथल्या रंगाला सुरकुत्या पडल्यात. दोन दुकानांत "भंगारात घाला" म्हणाले. मला ती शोभेला नको, रोज चालवायची आहे. खर्च करावा का?

जुनी_चाकं:
ताई, भंगारात अजिबात घालू नका. पण मला वाकलेल्या नळीपेक्षा पुराची जास्त काळजी वाटते. पेडलच्या एक्सलचा भाग फ्रेममध्ये सगळ्यात खाली. आत शिरलेलं पाणी आणि गाळ तिथंच साठतो, आणि गंज आतून खात जातो. वरून रंग ठणठणीत दिसतो. सीट काढा, एक्सल काढा, बॅटरी मारून आत बघा. मग एक्सलजवळच्या नळ्या खालून टोच्यानं दाबा. टोच्या आत गेला तर त्या फ्रेमवर पैसे घालू नका, कितीही जीव असला तरी.

एक्सलच्या दोन्ही बाजूंना आट्यांवर बसणाऱ्या वाट्या मात्र जपून काढा. रॅलेच्या वाट्यांना इंचाला २६ आटे असतात, बाजारातल्या साध्या वाट्यांना २४. नवी वाटी जबरदस्तीनं बसवली की फ्रेमचेच आटे जातात.

उद्यमनगर_फिटर:
सुरकुतीवरचा रंग घासून काढा. रॉकेल लावा, थोडा वेळ ठेवून कोरडं पुसा, वर खडू फासा. चीर असेल तर खडूवर ओली रेघ उमटते. रेघ नसेल तर एवढा बाक थंडच ओढून काढता येतो, साधं पोलाद आहे.

चीर निघाली तर नळीच बदलावी लागेल. उद्यमनगरात वेल्डिंगवाले पावलोपावली आहेत, पण आधी विचारा, "गॅसवर पितळानं ब्रेझिंग करता का?" या फ्रेमचे जोड पितळानं भरलेले असतात. त्यावर विजेचं आर्क वेल्डिंग मारलं की पितळ टाक्यात मिसळतं आणि टाका तडकतो. असल्या फ्रेमी माझ्याकडं येतात, फार वाईट वाटतं बघून.

चिमटा सरळ करून घेऊ नका, बदला. उतारावर तो तुटला तर माणूस थेट तोंडावर पडतो. जुना रॅलेचाच बघा, त्याचेही आटे २६ चे.

रंकाळा_फेरी:
ओढून झाल्यावर दोरा लावून बघा. मागचं चाक फ्रेमला जिथं बसतं त्यातल्या एका खाचेला बांधायचा, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणायचा. सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर सारखं भरलं पाहिजे. रंगाचं काम त्यानंतर, आधी नाही.

शाहूपुरीची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सगळं उघडलं. एक्सलपाशी मूठभर वाळलेला गाळ निघाला, पण टोच्या कुठंच आत गेला नाही. खडूवर रेघ नाही. वाट्याही शाबूत निघाल्या. सोमवारी नळी ओढायला देतेय, तिथं मी स्वतः थांबणार आहे. २८ इंचीला बसणारा जुना रॅलेचा चिमटा कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवा, घ्यायला येते.